सातवीच्या लेकराला वजाबाकी येत नसेल तर: गणिताचा जादा तास कसा घ्यावा

जादा तास म्हटलं की आपल्याकडे शिष्यवृत्तीची तयारी नाहीतर दहावीचे वर्ग, एवढंच आठवतं. म्हणजे ज्यांना येतं त्यांना आणखी द्यायचं. मी बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. माझा जादा तास असतो तो दुसऱ्या टोकाच्या लेकरांसाठी. वर्गात मान खाली घालून फळ्यावरचं उतरवून घेणारी, वही एकदम टापटीप ठेवणारी, आणि विचारलं की गप्प बसणारी ही लेकरं. आसपासच्या शाळांतले शिक्षक अधूनमधून विचारतात की हा तास नेमका घेता कसा, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. या तासाला चालू धडा पुन्हा शिकवायचा नाही. मोह फार होतो. सातवीत गुणोत्तर-प्रमाण चाललंय, लेकराला ते येत नाही, मग तेच परत एकदा हळू आणि मोठ्या आवाजात सांगायचं! पण त्याचं अडलेलं असतं भागाकारात. भागाकार अडलेला असतो वजाबाकीत, आणि वजाबाकी अडलेली असते शतक-दशक-एककात. तिथपर्यंत खाली उतरायची तयारी नसेल तर जादा तास घेऊ नका. लेकराचा खेळाचा वेळ तेवढा वाचेल.

कुठे अडलंय ते शोधा

पेपर घेऊन हे कळत नाही. पेपरात शेजारच्याचं दिसतं, किंवा अंदाजपंचे उत्तर बरोबर येतं. मी एकेका लेकराला व्हरांड्यात जवळ बसवते, कागद-पेन्सिल देते आणि त्याला करताना बघते. पाच-सात मिनिटं पुरतात. विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: ऐकून संख्या लिही – एकोणसाठ, चारशे सात, तीन हजार पन्नास. मग ४६ + ३७. मग ६२ − २८ आणि ५०३ − २६८. सात आठे किती, तेही पाढा सुरुवातीपासून न म्हणता. ६१२ ÷ ६. १/२ आणि १/३ मध्ये मोठा कोण? ०.३५ आणि ०.८ मध्ये मोठी कोण? ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं विचारतात. तुमच्याकडे ते कागद असतील तर तेही चालतील, पण पाचवीच्या पुढच्या लेकरांना अपूर्णांक आणि दशांश विचारल्याशिवाय उठू देऊ नका.

उत्तर चूक की बरोबर एवढ्यावर थांबायचं नाही. दरवेळी एकच प्रश्न विचारायचा, “कसं केलंस ते सांग.” ५०३ − २६८ चं उत्तर ३६५ आलं तर लेकरानं गंमत म्हणून काहीतरी लिहिलेलं नाही. त्यानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय: आठातून तीन पाच, सहातून शून्य सहा, पाचातून दोन तीन. नियम चुकीचा आहे, पण तो नियम आहे आणि तो दरवेळी इमानदारीने पाळला जातो. ६१२ ÷ ६ चं उत्तर १२ आलं तर मधलं शून्य खाल्लंय. ०.३५ मोठी म्हणणारं लेकरू ३५ आणि ८ यांची तुलना करतंय. चारशे सात हे ४००७ लिहिणारं जसं ऐकलं तसं लिहितंय, आधी ४०० आणि मग ७. या चुका वहीत नावापुढे जशाच्या तशा उतरवा. ‘वजाबाकी कच्ची’ असा शेरा कुणाच्याच कामाचा नाही. ‘मोठ्यातून लहान वजा करतो’ असं लिहिलं की उद्या काय करायचं ते आपोआप कळतं.

संख्यावाचनावर आमच्या भागात फार वेळ जातो. एकोणसाठ म्हटलं की ६९ लिहिणारी लेकरं सहावीतही भेटतात, कारण कानावर ‘साठ’ पडलेलं असतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकरांनी त्यावेळी कारण सांगितलं होतं, की जोडाक्षरांनी भरलेले हे शब्द लहान लेकरांना जड जातात. त्या वादात मला पडायचं नाही. मी दोन्ही म्हणवून घेते: ‘पन्नास नऊ, म्हणजे एकोणसाठ.’ महिनाभरात पहिला भाग लेकरंच सोडून देतात. तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. त्यांनी आपसात गोरमाटीत हिशेब केला तर मी अडवत नाही, कागदावर आकडा बरोबर आला की झालं.

गट आणि वेळ

गट इयत्तेप्रमाणे करू नका, अडल्याप्रमाणे करा. सहावीचं आणि आठवीचं लेकरू एकाच वजाबाकीत अडलं असेल तर ती दोघं एकत्र बसतील. पण आठवीच्या मुलाला पाचवीतल्या लहानग्यांत बसवायचं नाही, तो दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद होतो. एका वेळी बारा-पंधरा लेकरं पुरेत. त्यापुढे तुम्ही ‘कसं केलंस’ हे प्रत्येकाला विचारूच शकत नाही, आणि ते विचारता येत नसेल तर तो नुसता आणखी एक वर्ग झाला.

वेळ शाळा सुटल्यानंतरची नको. पाच वाजता लेकरं दमलेली असतात, वस्तीवरच्या मुलींना अंधार व्हायच्या आत घरी पोचायचं असतं, आणि ‘शाळा सुटल्यावर थांबायचं’ ही आपल्याकडे शिक्षाच समजली जाते. मी परिपाठाच्या आधीचा पाऊण तास घेते. शनिवारी सकाळच्या शाळेत अर्धाच तास. आमच्या गावचा आठवडी बाजार असतो त्या दिवशी हजेरी निम्मी असते, त्या दिवशी नवीन काही काढत नाही, खेळ घेते. तासाला नाव द्यायचं असेल तर ‘जादा तास’ एवढंच ठेवा. शिष्यवृत्तीवाल्यांचा जादा तास, तसा यांचाही. ‘अप्रगत’ हा शब्द कागदोपत्री लिहावा लागला तरी लेकरांच्या कानावर जाऊ देऊ नका. शाळेत काहीही झाकून राहत नाही हे खरं, पण आपल्या तोंडून तरी जायला नको.

वजाबाकी: इथे घाई करू नका

माझ्या मते जादा तासाचे पहिले सगळे आठवडे इथेच गेले तरी चालतात. साहित्य काय लागतं? खराट्याच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या बांधायला रबरं, आणि खेळातल्या शंभर, दहा, एकच्या नोटा. बाजारच्या नोटांपेक्षा जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर लेकरांनीच लिहिलेल्या बऱ्या, कारण त्या करताना शंभर म्हणजे दहा दहा, हे हाताखालून जातं. सातवीच्या लेकरांना काड्या ‘लहान पोरांच्या’ वाटतात, नोटा वाटत नाहीत. म्हणून वरच्या वर्गांना मी थेट नोटाच देते.

यंदाच्या एका सातवीतल्या मुलाचं सांगते. ३६५ वालाच. तो म्हणाला, “मॅडम, तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन घालवले.” त्याच्यापुढे शंभराच्या पाच आणि एकच्या तीन नोटा ठेवल्या. दहाची एकही नाही. म्हटलं, “मला दोनशे अडुसष्ट दे.” त्यानं शंभराच्या दोन झटकन दिल्या. मग थांबला. “दहाची नोटच नाही.” मी काहीच बोलले नाही. (हे सगळ्यात अवघड. आपली जीभ शिवशिवते.) थोड्या वेळाने स्वतःच शेजारच्या मुलीकडे, जिच्याकडे ‘बँक’ होती तिच्याकडे, शंभराची नोट सरकवून म्हणाला, “सुट्टे दे.” दहाच्या दहा आल्या, त्यातल्या सहा मला दिल्या. आठ एक द्यायला तीनच होते, मग दहाची एक मोडली, तेरा झाले, आठ दिले. पुढे उरलेलं मोजलं: शंभराच्या दोन, दहाच्या तीन, एकच्या पाच. २३५. मग मी त्याचा जुना कागद काढून ३६५ शेजारी ठेवला आणि विचारलं, “पाचशे तीनातले अडीचशेच्या वर देऊन टाकले, तर साडेतीनशेच्या वर उरतील का?” तो स्वतःशीच हसला.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. त्यानं मोठ्या नोटेपासून सुरुवात केली, एककापासून नाही. नोटा देताना सगळी माणसं तशीच देतात, करू द्या. कागदावर आल्यावर एककापासून का सोयीचं जातं ते सांगता येतं. दुसरं, एका दिवसात नोटांवरून कागदावर उडी मारू नका. आधी नुसत्या नोटा. मग एकाने नोटा हलवायच्या आणि दुसऱ्याने त्याच वेळी कागदावर लिहायचं: शंभर मोडला की ५ खोडून ४, शून्याचे १०, त्यातला एक मोडला की ९, आणि ३ चे १३. खोडाखोड हलवाहलवीच्या बरोबरीने झाली पाहिजे. मग जोडीतली कामं बदलायची. नोटा बाजूला ठेवायच्या सगळ्यात शेवटी, आणि लेकरू अडलं की परत काढायच्या. रोज चार उदाहरणं बास. वीस दिली की लेकरू विचार सोडून हात चालवायला लागतं.

हे आलं की आठवडाभर त्याला हात लावू नका, आणि मग अचानक ७०० − ३४६ द्या. तेव्हा जमलं तर जमलं म्हणायचं.

पाढे आणि भागाकार

पाढ्यांबद्दल माझं मत आमच्या शाळेतल्या सगळ्यांना पटत नाही. रोज तालासुरात पाढे म्हणायला माझी ना नाही, पण ‘सात एके सात’पासून सुरू केल्याशिवाय ‘सात आठे’पर्यंत पोचता येत नसेल तर तो पाढा भागाकारात उपयोगी पडत नाही. म्हणून मी दोन, पाच आणि दहाचे पाढे पक्के करून घेते आणि बाकीचे त्यातून काढायला शिकवते. सात आठे विसरलं? पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न. चारचा पाढा म्हणजे दोनच्या पाढ्याची दुप्पट. नऊचा म्हणजे दहाच्या पाढ्यातून ती संख्या एकदा कमी. असे काढता काढता महिन्या-दोन महिन्यांत निम्मे पाठच होतात. आणि भागाकार शिकताना पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यायचा. ‘मग पाठ कधी करणार?’ असं विचारतील. पण एका वेळी दोन ओझी दिली की लेकरू दोन्ही टाकून देतं.

भागाकारात आधी अंदाज. ६१२ रुपये सहा जणांत वाटायचे, प्रत्येकाला शंभराच्या वर मिळतील की खाली? सगळी म्हणतात वर. मग १२ हे उत्तर येऊच शकत नाही, हे लेकरू स्वतःच सांगतं. मांडणीसुद्धा मी सुरुवातीला पुस्तकातली घेत नाही. बाजूला लिहायचं: प्रत्येकी १०० दिले, ६०० गेले, १२ उरले, प्रत्येकी २ दिले, संपले. १०० आणि २, म्हणजे १०२. ८४५ ÷ ५ असेल तर कुणी आधी १०० देईल, मग ५०, मग १०, मग ९. लांब पडतं, पण चुकत नाही. हे अंगवळणी पडलं की नेहमीची मांडणी शिकवायला दोन-तीन दिवस लागतात, कारण ‘शून्य का लिहायचं’ याचं उत्तर तोवर माहीत झालेलं असतं.

अपूर्णांक

इथे लेकरांना आपल्यापेक्षा जास्त येतं, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणाऱ्या मुलीला विचारा, वीस रुपये किलोनं अडीच किलो कांदे? पन्नास, पापणी न लवता. तेच फळ्यावर २ पूर्णांक १ छेद २ गुणिले २० लिहा, गप्प. ही काही आमच्याच गावची गोष्ट नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल हेच २०२५ साली मांडलं: तोंडी हिशेब सफाईदार, शाळेतल्या पद्धतीचं उदाहरण मात्र अडतं.

म्हणून सुरुवात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच इथून करा. जुन्या लोकांना पावकी-निमकी-पाऊणकी पाठ असायची. घरात आजोबा असतील तर लेकरांना त्यांच्याकडून ऐकून यायला सांगा. फळ्यावर पाव म्हणजे १/४, पाऊण म्हणजे ३/४, सव्वा म्हणजे ५/४ असं शेजारी शेजारी लिहीत जायचं.

मग कागदाच्या पट्ट्या. सगळ्या एकाच लांबीच्या पाहिजेत, हे मोजून घ्या. एक अर्ध्यात दुमडायची, एक तीन भागांत, एक सहा भागांत. १/२ + १/३ चं उत्तर जवळजवळ सगळी लेकरं २/५ देतात. चूक म्हणू नका. पाच भागांची पट्टी करायला लावा आणि तिचे दोन भाग अर्ध्या पट्टीवर ठेवायला सांगा. ते अर्ध्यापेक्षा कमी भरतात. अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं आणि कमी झालं? लेकरं एकमेकांकडे बघायला लागतात. आता सहाची पट्टी आणा. अर्धा तिच्यावर तीन घरं व्यापतो, एक तृतीयांश दोन घरं. पाच घरं, ५/६. लसावि हा शब्द त्यानंतर काढायचा, तोवर नाही.

दशांशाला परत पैसेच. ०.८ रुपये म्हणजे ८० पैसे, ०.३५ म्हणजे ३५ पैसे. हल्लीच्या लेकरांनी पैसे वापरलेले नाहीत, त्यामुळे मीटरपट्टी जास्त चालते: ०.८ मीटर म्हणजे ८० सेंटिमीटर. बोट ठेवून दाखवा.

ऋण संख्यांना किराणा दुकानाची उधारी घेते. सात रुपये उधारी म्हणजे −७. तीन फेडले, −७ + ३ = −४. दुकानदाराने उधारीतले पाच माफ केले, −७ − (−५) = −२. ‘वजा वजा अधिक’ असं नुसतं घोकण्यापेक्षा हे टिकतं. आमच्याकडे उचलीचं उदाहरण प्रत्येक लेकराला कळेल, ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे आणि हंगामात फिटलेले पैसे. पण ते मी घेत नाही. कुणाच्या घरची उचल फिटायची राहिलीय, हे फळ्यावर यायचं कारण नाही.

शाब्दिक उदाहरणं

“मॅडम, अधिक करायचं का वजा?” हा प्रश्न तुम्हीही रोज ऐकत असाल. त्याचं उत्तर दिलं की उदाहरण संपलं. ‘एकूण आलं की बेरीज’ असली युक्ती तर मुळीच शिकवू नका. दोघींकडे मिळून एकूण ८५ रुपये आहेत, एकीकडे ३७, दुसरीकडे किती? तिथे ती युक्ती तोंडघशी पाडते. मी आकडे झाकून उदाहरण वाचायला लावते. काय घडलं, कुणाकडे जास्त आहे, काय शोधायचंय, हे आपल्या शब्दांत सांगायचं. मग अंदाज करायचा, आणि मग आकडे उघडायचे. ज्यांना मराठी वाचनच अडतं त्यांना मी वाचून दाखवते. वाचनाचं दुखणं वेगळं आहे, त्याची शिक्षा गणितात कशाला?

गावाबाहेर जाणारी लेकरं

आमच्या वर्गातली निम्मीअधिक कहाणी इथे आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे गावातच राहतात, बाकीची आईबापाबरोबर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तोवर वर्ग अर्धं पुस्तक पुढे गेलेला असतो. तेव्हा तुमच्याकडे अशी लेकरं असतील तर जादा तास जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातच सुरू करा आणि दिवाळीआधी वजाबाकी-भागाकार संपवायचं धरून चाला. अपूर्णांक राहिले तर राहिले. जाताना लेकराबरोबर एक पातळ वही द्या. तिच्यात नवीन काही नको, जे येतं त्याचीच उदाहरणं, एका पानावर चारच, आणि मागच्या पानावर उत्तरं. बापाच्या फोनवर संध्याकाळी एक उदाहरण आवाजात पाठवता येतं. सगळ्यांचं उत्तर येत नाही, पण काहींचं येतं. परत आल्यावर व्हरांड्यातली तपासणी पुन्हा करायची, आधीच्या नोंदीवर विसंबायचं नाही.

पाचवी आणि आठवीच्या पालकांना हल्ली वार्षिक परीक्षेची धास्ती असते, कारण २०२३ मध्ये नियम बदलले आणि या दोन इयत्तांत नापास होता येतं. त्यांना पुनर्परीक्षेची संधी असते हे नीट सांगा, आणि निकालानंतरच्या त्या थोडक्या दिवसांत अख्खं पुस्तक उरकायला जाऊ नका. लेकराला जे जवळपास आलंय, त्यातले दोन-तीन घटक पक्के करा. पालकांशी बोलताना ‘कच्चा आहे’ म्हणू नका. ‘भागाकार यायला लागलाय, आता अपूर्णांक घेतोय’ असं सांगा, म्हणजे घरी मार बसत नाही.

दर महिन्याअखेर तेच आठ प्रश्न, आकडे बदलून. ज्याला सगळं आलं त्याला तासातून मोकळं करा, पण एखादा महिना ‘बँक’ सांभाळायला ठेवून घ्या. सुट्टे देणाऱ्याला दुसऱ्याची चूक आधी दिसते, आणि तुम्हाला एक हात मिळतो. मुख्याध्यापक विचारतील, अभ्यासक्रम मागे पडणार नाही का? तुमची नोंदवही त्यांच्यापुढे उघडा: जूनमध्ये नावापुढे काय लिहिलं होतं, आणि ऑक्टोबरमध्ये काय लिहिलंय.